डॅनियल सरांची पेटी आणि माझ्या दारातलं पोतं

माझी फजिती ऐकायची असेल तर चहा आधीच पिऊन घ्या, नंतर राहून जाईल.

मी मोताळ्यात इतिहास शिकवून निवृत्त झालो. माझे सोबती डॅनियल सर मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. एकदा वाचनालयात ते बोलले, "आमच्यात फार जुन्या काळापासून गावोगाव दानाची पेटी असायची. दोघांनी गोळा करायचं, तिघांनी बसून ठरवायचं आणि दर शुक्रवारी गरजूंना वाटायचं. घेणाऱ्याला कमीपणा येऊ नये, म्हणून गवगवा करायचा नाही."

मला हे भलतंच आवडलं. आपणही धान्याचं असंच करू, म्हटलं. वाटायला तिघं ठरले, त्यात डॅनियल सर. गोळा करायला मी.

"सोबत कोणी घ्या," सर म्हणाले.

कशाला? अख्ख्या गावाला मी शिकवलेलं. पिशवी घेऊन एकटाच निघालो.

शेजारच्या शांताबाईंनी विचारलं, "सर, कोनासाठी जमा करून राह्यले?"

"नाव सांगता येत नाही, बाई. बिचाऱ्याला लाज वाटेल."

बाईंनी माझ्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं आणि ज्वारी जरा जास्तच घातली. काय दिलदार गाव, मी मनात म्हटलं.

पुढे किराणावाला गजानन, माझा वर्गमित्र, कानाशी आला. "पेन्शन अटकली काय बे?"

मला वाटलं, गरजूबद्दलच विचारतोय. गंभीरपणे म्हणालो, "तुझ्यासारख्यांनी हात दिला तर निभेल."

त्याचे डोळे भरून आले. जमलेलं सगळं धान्य मी त्या तिघांकडे पोचवलं.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर पोतं. ज्वारी, तूरडाळ, वर गुळाची भेली. मी तडक डॅनियल सरांकडे.

"तुम्हाला गरज नाही, हे मी सांगून पाहिलं," ते म्हणाले. "बाकीचे दोघं म्हणाले, सर मानी आहेत, कबूल करणार नाहीत."

लाज वाटली, पण खरं सांगू? छातीही फुगली. ज्या गावाला मी दान शिकवायला निघालो होतो, त्यानं मला मान खाली घालायला न लावता माझ्या चुलीची काळजी घेतली होती. आहे कुठं असं गाव?

पोतं परत करायला खांद्यावर घेऊन निघालो. चौकात गजाननानं अडवलं.

"विकाले चालला काय बे? इतकी पाळी आली, अन् मले सांगितलं काऊन नाही?"