पोचूभाऊंचं पिल्लू

पोचूभाऊ पिल्लू फुकट द्यायचे, पण सहसा द्यायचेच नाहीत. त्यांची मेंढ्या राखणारी कुत्री व्याली की आलापल्लीतले लोक पिल्लू मागायला जात आणि हात हलवत परत येत. मुलगी द्यायची असावी तसे पोचूभाऊ आधी घर बघायला यायचे.

आमच्याकडे ते आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. बाबा लाकूड डेपोत कारकून होते. घोंगडीत गुंडाळून आणलेलं पिल्लू पोचूभाऊंनी खाली ठेवलं, अंगण पावलांनी मोजलं आणि आईला विचारलं, "बाई, याले दिवसभर काम काय द्याल?"

"कुत्र्याला कसलं काम? खाईल, झोपेल."

"मंग नाई जमत. मेंढ्यामागं धावनारी जात हाये हे. काम नाई भेटलं त हे तुमालेच हाकते."

बाबा ऐकेनात. मी तर तोवर पिल्लू मांडीवर घेऊन बसले होते. पोचूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ठेवा. पन नाई जमलं त मलेच आनून देजा. कोनाले देऊ नका."

पिल्लाचं नाव आम्ही भुऱ्या ठेवलं. तो मोठा झाला आणि त्यानं स्वतःच काम शोधलं. शेजारच्या कोंबड्या तो आमच्या न्हाणीत कोंडायचा. आम्ही तिघं भावंडं अंगणात पांगलो की गोल फिरून ओसरीवर गोळा करायचा. एकदा बाबांचे साहेब आले, तर टाचांशी गुरगुरत त्यानं त्यांनाही आमच्या रांगेत आणून बसवलं. बाबा आंघोळ उरकून येईपर्यंत साहेब हलले नाहीत. आई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती.

मग एक दिवस पळणाऱ्या शेजारच्या मुलीच्या टाचेला त्याचा दात लागला. तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. भुऱ्याला बांधलं, तर त्यानं खाणंच सोडलं. चार दिवसांनी बाबा त्याला घेऊन निघाले, मीही गेले. कापणी झालेल्या धानाच्या शेतात पोचूभाऊंच्या मेंढ्या बसल्या होत्या. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून बाबांची मान आधीच खाली गेली होती.

पोचूभाऊंनी भुऱ्याच्या मानेवरचा दोरीचा वळ चाचपला.

"चूक माही हाये, बाबूजी," ते म्हणाले. "पोरीनं मांडीवर घेतलं न् मी ढिला पडलो."

मी परतीच्या वाटेवर रडले.

पुढच्या वर्षी कापणीनंतर पोचूभाऊंचा कळप फिरत पुन्हा गावाकडे आला, तेव्हा बाबा मुद्दाम भेटायला गेले. दोनदा हाक मारली. भुऱ्यानं एकदा पाहिलं आणि तो भरकटलेल्या कोकराकडे वळला. बाबांचा चेहरा उतरला.

"ओळखलं त्यानं तुमाले," पोचूभाऊ म्हणाले. "पन आता ड्युटीवर हाये."

बाबा घरी आले ते वेगळ्याच तोऱ्यात. मुलगा नोकरीला लागल्यासारखं ते आठवडाभर सगळ्या कॉलनीला सांगत फिरले.