दोन सूचनांचा तक्ता

“मुलांच्या कागदांवर सही हेडमास्तरांची आहे ना? मग तुझा काय संबंध?” नवऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

“सही त्यांची. तक्ता माझा.”

“तक्ता सगळ्याच शाळांना दिलास. बाकीच्यांनी नाही घातला गोंधळ.”

“बाकीच्यांनी कपाटात ठेवला. यांनी वापरला.”

ती चादरीची घडी घालत होती. टोकं जुळेनात, म्हणून तिनं ती उलगडली आणि पुन्हा सुरुवात केली. सासूबाई खुर्चीत मटार सोलत होत्या.

“आजी, तू कुणाच्या बाजूनं?” लेकीनं फोनमधून मान वर न काढता विचारलं.

“मी मटाराच्या बाजूनं. मला कुणी नीट सांगेल तर बाजू घेईन.”

मग तिनं सांगितलं, शेजारच्या घरातली भानगड सांगावी तशा आवाजात.

बारा वर्षं वर्गावर काढून ती शाळाशाळांच्या हेडमास्तरांना शिकवायला लागली होती. इंग्रजी शाळेत येणारी, पण घरी वेगळीच भाषा बोलणारी मुलं आणि अपंगत्व असलेली मुलं, यांना शाळेनं कसं सांभाळायचं, हा तिचा विषय. पहिला तास ती कुणालाच न येणाऱ्या भाषेत घ्यायची. ‘वही उघडा, तिसरी ओळ खोडा,’ असं त्या भाषेत सांगायची. केस पिकलेली माणसं शेजाऱ्याच्या वहीत डोकावायची, रुमालानं मान पुसायची. “आता सांगा, तुम्ही मंद आहात का?” ती विचारायची. हशा पिकायचा. चहाला सगळे भोवती गोळा व्हायचे. आणि दुपारी ती आपला तक्ता वाटायची. मूल लागोपाठ दिलेल्या दोन सूचना पाळत नसेल, तर त्याला मदत वर्गात, म्हणजे शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात, पाठवा. सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या, ते लिहायचं राहून गेलं होतं. चार वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही.

गेल्या आठवड्यात ती पाहणीला तक्ता वापरणाऱ्या त्या शाळेत गेली. हेडमास्तरांनी तक्ता चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. “तुमच्यामुळे अकरा मुलं सापडली, बाई,” ते म्हणाले. मदत वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी दोऱ्यात मणी ओवत होती. दोन वर्षं तेच करत होती. मधेच ती शेजारणीला आपल्या घरच्या भाषेत काहीतरी समजावू लागली, बोटांवर मोजत, क्रमानं. वर्गातल्या आयाबाईंची भाषा तीच.

“काय सांगतेय ती?”

“शिलाई मशीनमध्ये दोरा गुंतला तर काय करायचं ते. आधी कापड दाबणारा पाय उचल, मग सुई वर घे, मग बॉबिन काढ...” आयाबाई सांगत राहिल्या. सात पायऱ्या झाल्या.

वरच्या वर्गात शेवटच्या बाकावर दुसरी एक मुलगी होती. खांद्याला हात लावल्याशिवाय वळत नव्हती. शेजारणीचं बघून वही उघडायची, म्हणून तक्त्यातून पास झालेली. तिच्या नावापुढे शेरा होता: इंग्रजी कच्चं, होईल हळूहळू.

हे सगळं पाहून तिला रडू आलं नाही. रागही आला नाही. तिनं चहा घेतला, भेटवहीत सही केली आणि रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभी राहिली. दोन बस समोरून निघून गेल्या, तेव्हा कुठे आपण चढलोच नाही हे तिच्या लक्षात आलं.

तिनं कळवलं तेव्हा शिक्षण खात्यातल्या साहेबांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं. हेडमास्तरांनी तक्ता चुकीचा वापरला, एवढंच तिनं अहवालात लिहायचं. हेडमास्तर निलंबित होतील, ती प्रशिक्षण विभागाची प्रमुख होईल.

“आठ महिन्यांत रिटायर होणाऱ्या माणसाचं असं काय बिघडतं?” नवरा म्हणाला. “आणि प्रमुख झालीस की तूच तक्ता दुरुस्त कर. कोण अडवतंय?”

“ते शाळेच्या समोरच राहतात,” ती म्हणाली. “रोज त्याच फाटकावरून जाणार.”

“आणि आपण? आपलं काहीच नाही?”

सासूबाईंनी टरफलं मुठीत गोळा केली. “करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव,” त्या मटारांकडे बघत म्हणाल्या. “हे बरं नाही रे.”

“आई, तू मधे पडू नकोस.”

“मी कुठे पडले? मला विचारलं म्हणून सांगितलं.”

तो पुढे काही बोलणार होता. तिनं घडी घातलेली चादर कपाटात ठेवली, दार लावलं.

“अहवाल मी दुपारीच दिला,” ती म्हणाली. “तक्ता माझा, चूक माझी, असं लिहिलंय. प्रमुखपद मिळणार नाही. प्रशिक्षणाचं कामही सोडलं. सोमवारपासून त्या शाळेच्या मदत वर्गावर जातेय. अकराही मुलांना त्यांच्या त्यांच्या भाषेत पुन्हा तपासायचंय, आणि त्या वरच्या वर्गातल्या मुलीचे कान डॉक्टरांना दाखवायचेत. बस सव्वासहाला आहे. सकाळचे डबे तुम्ही करायचे.”