चांगोच्या नावाची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते.

चौक गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका मुंबईकर शेटजींचा जुना दगडी बंगला आहे. त्यांच्या नातवंडांनी त्याचं संग्रहालय केलं, आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं त्यात सामील करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. लोकसहभाग! कर्जतच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. घरी बसून जीव जात होता. कुणीतरी पुन्हा ‘बाई, बाई’ करावं, ही माझी हौस.

ठाकरवाडीत कुणी माझ्याशी धड बोलेना. बोलली ती एकटी गोमीआजी. तिचा बाप चांगो त्याच बंगल्याचं छप्पर चढवताना वरून पडून मेला. ती तेव्हा आईच्या पोटात. बापाचा फोटो नाही, कागद नाही — एक कोयता होता, तोही तिनं संग्रहालयाला देऊन टाकला. “माज्या बापाचं नाव तेवडं लिवा, बाई.” लिहिते म्हटलं.

दारातल्या पाटीचा मजकूर मीच केला. चांगोचं नाव, तो कसा गेला, सगळं लिहिलं. आणि मग — मीच खोडलं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही! मालकांना रुचणार नाही, मला परत बोलावणार नाहीत, असं माझं मलाच वाटलं. त्या जागी लिहिलं, ‘स्थानिकांच्या प्रेमळ सहकार्याने’. शुद्धलेखन मात्र बिनचूक हो.

उद्घाटनाला आजी नवं लुगडं नेसून आली. शाळेची पायरी न चढलेली बाई. “कुठं हाय माजा बाप?” तेव्हा तरी सांगायचं ना? मी तिचं बोट धरलं — पहिलीतल्या पोरांचं धरायचे तसं — आणि तिसऱ्या ओळीवर ठेवलं. “हे बघा, चांगो.” तिथे शेटजींचं नाव होतं. ती ओळ ती कितीतरी वेळ कुरवाळत राहिली. रडली.

पुढे दर सणाला यायची. त्या ओळीला झेंडूचं फूल लावायची. पाटी बदलायला काय लागतं? एकदा तोंड उघडावं लागतं. तीन वर्षं गेली.

गेल्या वैशाखात तिच्या नातवाचं लग्न झालं. अंगावरची हळद उतरली नव्हती तोच आजी नव्या नवरीला बंगल्यावर घेऊन आली, चांगोच्या पाया पडायला. पोरगी आश्रमशाळेतून बारावी झालेली. मी तिथेच होते. “वाच गं, माज्या बापाचं नाव वाच,” आजी म्हणाली.

पोरीनं पाटी वाचली. मनातल्या मनात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांगणार आता. खरं सांगू? बरं वाटलं. चला, सुटले एकदाची.

“हां आजे,” ती म्हणाली, “चांगोच लिवलंय.”

आणि तिनं तिसऱ्या ओळीला डोकं टेकलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.