मनातलं मोठ्याने

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरायचा आणि तो मी घ्यायचे. तिसरी-चौथीतली मुलं, सगळी हिंदी शाळांतली. लिपी तीच असल्यामुळे मराठीचं पुस्तकही ती धाडधाड वाचत, आणि दारात उभ्या आया खूश होत. काय वाचलं ते कुणी विचारत नसे.

मी विचारलं. गोष्टीतला माणूस सायकलवरून बाजारात जातो आणि चालत परत येतो. "मग सायकल कुठे गेली?"

एका मुलाने पान उलटून पाहिलं. "दीदी, चित्र में तो है."

शिक्षिकेच्या प्रशिक्षणात मला एक पद्धत शिकवली होती. वाचताना मध्येच थांबायचं, आपल्याला कळलं का ते स्वतःला विचारायचं, पुढचा अंदाज बांधायचा, आणि हे सगळं मोठ्याने बोलायचं. इंग्रजी शाळेत माझा हात कधी वर गेला नव्हता आणि घरी मी मराठी बोलण्यापेक्षा ऐकायचेच जास्त. तरी घसा खाकरून म्हणाले, "मी इथे थांबते. मला वाटतं, हा सायकल विसरला."

मुलांना हा खेळ वाटला. ती दर वाक्याला थांबू लागली. त्या दिवशी पान संपलं नाही, पण सायकल सापडली, पानठेल्याला टेकवलेली. मला रविवारची ओढ लागली. अर्थात घरी बोलले नाही.

मग मंडळाच्या अध्यक्ष काकू तपासायला आल्या. भजनाच्या बायकांना रविवारी हॉल हवा होता. मुलं नीट वाचत नसतील तर वर्ग बंद होणार होता.

एक मुलगा उभा राहिला. "एका गावात एक शिंपी होता." थांबला. "कळलं. त्याची कात्री हरवली." पुन्हा थांबला. "अंदाज, बायकोने घेतली."

"काहून गं," काकू माझ्याकडे वळल्या, "आधी तर पोरं कशी धाडधाड वाचत होती! तू काय करून राहिली इथं?"

पुढच्या मुलीने हात वर केला. "काकूंचा चेहरा बघून अंदाज. आता दीदीला डाँट पडणार."

"बरोबर," काकू म्हणाल्या. मुलीने आनंदाने टाळी वाजवली. तिचा अंदाज पहिल्यांदाच खरा ठरला होता.

"मग वर्ग बंद करू ना?"

मी नेहमीसारखं 'चालेल' म्हणायला तोंड उघडलं.

"दीदी, थांबा," तीच मुलगी. "पहिले मनातलं मोठ्याने!"

सगळे माझ्याकडे बघत होते. नियम मीच केला होता.

"मी इथे थांबते," मी म्हणाले. "मला वाटतं... मला वर्ग बंद करायचा नाही. मुलांना आता वाचलेलं कळतं. आणि भजन संध्याकाळी होऊ शकतं."

काकू बघतच राहिल्या. "एवढं होतं मनात, तर बोलायचं नाही का, बाई!" त्यांनी खुर्ची ओढली. "चलो, भजनवाल्यांना मी सांगते. पण त्या कात्रीचं काय झालं?"

"काकू," मुलगी म्हणाली, "तुम्ही अंदाज करा."