किसनने वाजवलेली तार

भूतबीत मी आयुष्यात मानलं नाही. बायको अमावास्येला नारळ ओवाळायची, तर मी तिला त्याची चटणी मागायचो! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. रिसोडकडे पैनगंगेवर पायी जायचा तारांचा पूल होता. दोन्ही काठांवर लोखंडी खांब, खांबांवरून तिरप्या तारा खाली येऊन फळ्यांना उचलून धरायच्या. तारांची मागची टोकं काठावरच्या खड्ड्यात, काँक्रीटमध्ये गाडलेली. मी आणि किसन ठेकेदाराची माणसं. तारा तपासायच्या, ग्रीस भरायचं, सडलेल्या बदलायच्या. किसन एक नंबरचा चावट, पण कामाला वाघ.

नदी भरली की हाक पोचत नाही, म्हणून आम्ही तारेवरच हातोडीने बोलायचो. दोन ठोके म्हणजे ठीक आहे. सारखे ठोके म्हणजे... असशील तिथून उतर.

त्या दुपारी मी पुलाच्या मधोमध होतो. किसन पलीकडच्या खड्ड्याकडे निघाला. "मधू, लोकायनं त्या खड्ड्यात देव बसवला ना बे! शेंदूर फासला, बाया रोज तांब्याभर पानी ओतून राह्यल्या. तार आतून सडली असन. पायतो मी."

तारेवर हात ठेवून मी त्याच्या दोन ठोक्यांची वाट बघत होतो. बराच वेळ काहीच नाही. वाटलं, बिडी ओढत बसला असेल लेकाचा. आणि मग — ठक् ठक् ठक् ठक्... थांबेचना. तळहाताला झिणझिण्या आल्या. पलीकडे बायका हात हलवून ओरडत होत्या, शब्द कळेना. मला वाटलं, हा मस्करी करतोय आणि त्या हसताहेत. पण नियम म्हणजे नियम. शिव्या घालत अलीकडच्या काठावर आलो. पाय मातीला लागले आणि मागे धाडकन आवाज झाला. पलीकडची तार तुटली होती, आणि मी उभा होतो त्या फळ्या नदीत गेल्या होत्या.

सडकेने फेरा मारून पलीकडे पोचलो. किसन खड्ड्याशेजारी आडवा पडलेला.

"किसन्या, ऊठ बे!" मी त्याला गदागदा हलवलं.

एक म्हातारी म्हणाली, "कायले हलवून राह्यला, बाप्पा? त्याच्या छातीत कळ आली अन् गेला तो. अंग थंड पडलं, तवा तुले हाका मारून राह्यलो होतो आमी."

"मंग तार कोनं वाजवली?"

तिने कानाला हात लावले. "देवाच्या तारेले आमी हातबी लावत नाही. लोखंडानं मारन कोन?"

हातोडी किसनच्या कमरेला खोचलेली होती. तार खड्ड्याच्या तोंडाशीच तुटली होती, पाण्याने सडून. त्याचं बरोबर होतं.

पुढे एक इंजिनियर म्हणाला, तारेचे आतले पदर एकेक तुटताना असा आवाज येतो. येत असेल! त्यानंतर मी पुष्कळ तारा तुटताना ऐकल्या. एकीनेही किसनसारखा ठेका धरला नाही. त्याचा हात मला कळायचा हो... याहून जास्त मला सांगता येत नाही.

निरोप द्यायला अनसिंगला त्याच्या घरी मीच गेलो. वहिनी आधी रडलीच नाही. म्हणाली, "भावजी, जाताना काई बोलले का?"

"हो," मी म्हणालो. "मले म्हने, उतर."