टोमॅटोच्या ओळीतला झेंडू

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत शेतीतज्ज्ञ झाले. शिक्षण सगळं मोबाईलवर. नांदेडात घरामागे आमची चार पावलांची जागा. तिथे कुठल्या भाजीशेजारी काय लावलं की कीड येत नाही, याचा नकाशा त्यांनी आलेखाच्या कागदावर काढला. टोमॅटोच्या दोन ओळी, मध्ये झेंडू. झेंडूजवळ 'सोबती पीक' अशी पाटीसुद्धा रोवली. कंधारकडे माझ्या माहेरी आई हेच करायची, पाटी न लावता. तसं सांगितलं तर म्हणाले, तुमचं ते अंदाजपंचे, हे शास्त्र आहे.

लातूरची आमची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला टोमॅटोच्या चटणीचे डोहाळे लागले होते, पण बाजारातल्या फवारलेल्या मालाची तिने धास्तीच घेतली होती. फोनवर तिने एवढंच मागितलं, घरचे टोमॅटो. त्यावर यांनी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो, अळी तिथेच अडकते, टोमॅटो वाचतो. त्या अर्ध्या तासात एवढं एकच कामाचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टोमॅटो सुपारीएवढे झाले होते आणि झेंडू भरगच्च फुलला होता. हे कात्री-टोपली घेऊन निघाले. दाराला तोरण, स्कूटरला हार आणि गल्लीत घरोघर ताटभर फुलं. सोबत कीडनियंत्रणावर भाषण फुकट. कळीसुद्धा ठेवली नाही. अळीसाठी लावलेली फुलं लोकांच्या दारांना टांगून आले आणि पाटी मात्र तिथेच ताठ उभी. आई दसऱ्याचा झेंडू वेगळा, बांधाला लावायची. टोमॅटोतल्या फुलाला हात लावला की आम्हाला फटका बसायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होते.

पंधरवड्यात जो टोमॅटो तोडावा त्याला भोक. यांनी हवामानाला दोष दिला.

लेक आली तेव्हा मी बाजारातून टोमॅटो आणले, मिठाच्या पाण्यात तीनदा धुतले आणि चटणी केली. जेवताना तिला दसऱ्याचा प्रकार रंगवून सांगितला, यांची नक्कलही केली. हे खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. मला चेव चढला.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," मी म्हणाले, "आता सगळं अळीच खाणार."

लेक हसली नाही. तिने चटणीची वाटी बाजूला सारली.

"माहीत होतं, तर बोलली का न्हाईस आई?"

यांची फजिती बघायची होती म्हणून. पण ते मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार? मी उठले आणि तिच्यासाठी दही आणलं.