गॅरेजमधली कॅचर

अमेरिकेत आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला जोडून माझा व्हिसा होता. त्यावर मला राहता येत होतं, गाडी चालवता येत होती, पोरगं वाढवता येत होतं, फक्त पगार घेता येत नव्हता. पुण्यात बँकेत नोकरी केलेली बाई मी. नेपरव्हिलच्या त्या घरात सकाळी अकरालाच माझी सगळी कामं उरकायची आणि मग चिडचिड सुरू व्हायची. नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायचे.

मुलगा चौथीत गेला आणि मित्रांच्या नादाने बेसबॉल खेळायला लागला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या कोचने आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, ह्याचा हात वेगळा आहे, ह्याला आपण पिचर करू. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. आपल्या बोलरचाच भाऊबंद, पण हा टप्पा पाडत नाही, थेट फेकतो. समोर उकिडवा बसून तो चेंडू धरतो तो कॅचर. "घरी कोणीतरी रोज ह्याचे चेंडू धरायला हवेत," असं म्हणून कोचने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने त्याला गाडीचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली.

"मी धरते," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही हसू दाबलं. मला असा राग आला की त्या रागावरच पुढची सहा वर्षं निघाली असावीत. त्यांना काय माहीत, लहानपणी आमच्या गल्लीत भावांनी मला एकदाही बॅटिंग दिली नव्हती. मला कायम विकेटमागे उभं करायचे, कारण मागे गटार होतं आणि चेंडू त्यात गेला की काढायला कोणीतरी लागायचं. गटारात हात घालायला लागू नये म्हणून मी चेंडू अडवायला शिकले, आणि चांगली शिकले.

ग्लोव्ह आणायला मी आणि मुलगा दुकानात गेलो. तिथल्या मुलीने मला एकच ग्लोव्ह दिला. मी म्हटलं, दुसरा कुठाय? ती म्हणाली, दुसरा नसतो. विकेटकीपरला दोन असतात, मी जन्मभर दोनच पाहिलेले. मला वाटलं ही मला फसवतेय. मी तिच्याशी चांगली हुज्जत घातली, मग तो एकुलता एक ग्लोव्ह उजव्या हातात चढवून पाहिला तर अंगठा भलतीकडेच गेला. "आई, लेफ्ट हँड," मुलगा दात-ओठ खात पुटपुटला आणि बुटांच्या मांडणीआड जाऊन उभा राहिला. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

आमच्या गॅरेजची खोली आणि पुढच्या ड्राइव्हवेची लांबी मिळून पिचिंगला पुरेल एवढं अंतर भरत होतं. मी गाडी रस्त्यावर लावायचे. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक जुनी गादी टांगली होती. रंगाची रिकामी बादली पालथी घालून, तिच्यावर उशी ठेवून मी बसायचे. तो पार टोकाला, रस्त्याजवळ उभा राहायचा. शाळा सुटली, दूध प्यायलं की आमचं सुरू. थंडीत त्याच्या पायाखालचा बर्फ आधी खरवडावा लागायचा. ते काम त्याचं. मी आत नवऱ्याचं जाड जॅकेट घालून, कान गुंडाळून बसलेली. कुत्रा फिरवायला निघालेल्या शेजारणी थांबून बघायच्या आणि हात हलवायच्या. मी ग्लोव्ह हलवायचे.

शाळेतून आला की हा मुलगा काही सांगायचा नाही. काय झालं, काही नाही. कोणाशी भांडलास, नाही. पण चेंडू सांगायचा. वर्गात कोणी काही बोललं असेल तर पहिले काही चेंडू डोक्यावरून जायचे आणि गादीवर धपकन आदळायचे. मनात काही नसेल तर ग्लोव्ह जिथे धरीन तिथेच येऊन बसायचा. मग मी जेवताना बरोबर त्याच विषयाला हात घालायचे आणि नवरा चकित व्हायचा, तुला कसं कळलं म्हणून. मी त्याला कधी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत माझा तळहात लाल होऊन ठणकायचा आणि त्याच हाताने मी पोळ्या लाटायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. त्या देशात मला मिळालेली ती एकच नोकरी होती.

तो पंधरा वर्षांचा असताना एका चेंडूने माझं करंगळीशेजारचं बोट मोडलं. चूक माझीच, चेंडू मला दिसलाच नाही. नुसता आवाज आला. मुलगा इतका वेगाने वाढला होता आणि मी आपली तीच बादली, तीच उशी घेऊन बसले होते. डॉक्टरकडून आलो तर तो जेवेना. दाराआडून रडका आवाज आला, "आय ॲम नेव्हर थ्रोइंग टू यू अगेन." मला वाटलं आठ दिवसांत विसरेल. तो विसरला नाही. हायस्कूलच्या संघात त्याला खराखुरा कॅचर मिळाला, धिप्पाड, माझ्या दुप्पट. बोट बरं झालं तरी बादली तिथेच पालथी राहिली, आणि काही दिवसांनी नवऱ्याने तिच्यात माती भरून मिरच्या लावल्या.

पुढे मला कामाची परवानगी मिळाली आणि मी एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये लागले. मुलाला कॉलेजने बेसबॉलसाठी घेतलं आणि कॉलेज संपताना एका व्यावसायिक संघाने. लोकांना वाटतं की झालं, आता पोरगा टीव्हीवर दिसणार. तसं नसतं. मोठ्या संघाखाली लहान संघांची उतरंड असते आणि तळाशी उभं राहून एकेक पायरी वर चढायची असते. छोटी गावं, रात्रभराचे बसप्रवास, चौघांत एक घर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका काकांनी विचारलं, "ते बेसबॉल ठीक आहे हो, पण करतो काय?" मी म्हटलं, "काका, तुमचा मुलगा कीबोर्डवर बोटं आपटतो, माझा चेंडू फेकतो. दोघांचे हातच चालतात." काकांनी मोदक खाल्ला आणि विषय बदलला.

तो चढत होता. शेवटची एक पायरी राहिली असताना त्याच्या कोपराच्या आतला स्नायुबंध तुटला. पिचरांचा तुटतो तो तिथेच. मनगटाकडची कंडरा काढून तिथे बसवतात, आणि वर्षभराने बहुतेक जण परत फेकायला लागतात. हाही लागला. दुसऱ्याच मोसमात ती पुन्हा तुटली, कोपर पुन्हा कापलं. त्यानंतर तो परतला खरा, पण कसा परतला हे मला समजत नव्हतं. फोनवर विचारलं की म्हणायचा, "फाइन, आई. गेटिंग देअर." मागच्या शरद ऋतूत संघाने त्याला मोकळं केलं. सामान गाडीत घालून तो घरी आला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि तळघरातल्या खोलीत राहायला लागला.

फेब्रुवारीत त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या. ॲरिझोनात एका संघाने त्याला चाचणीला बोलावलं होतं. आणि आयोवातल्या एका लहान कॉलेजला पिचरांसाठी सहायक कोच हवा होता. कॉलेजला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. एक घेतलं की दुसरं गेलं. नवरा म्हणाला, कॉलेजची नोकरी घे. मी म्हटलं, त्याला त्याचं ठरवू दे. खरं तर मला वाटत होतं की त्याने ॲरिझोनाला जावं. एवढी वर्षं घातल्यावर एकदा तरी, एक डाव तरी, त्याने त्या मोठ्या मैदानावर टाकावा. मला ते त्याच्याइतकंच हवं होतं. कदाचित त्याच्याहून जास्तच.

शनिवारी दुपारी ऊन पडलं होतं. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंचे बर्फाचे ढीग वितळून पाणी वाहत होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, कॅच करशील? जस्ट टुडे."

"रोज तुझे चेंडू धरतो तो मित्र कुठाय?"

"त्याला फ्लू झालाय. आणि आम्ही प्रॅक्टिस करतो त्या हॉलमधलं स्पीडचं मशीन बोगस आहे, यार. काहीही नंबर दाखवतं."

मी गॅस बंद केला. त्याने स्वतः गाडी बाहेर काढली, भिंतीला जुनी रजई टांगली, मला बसायला बुटकं स्टूल आणलं. त्याने मला जाळीचा मुखवटा चढवला, छातीवर पॅड बांधलं, त्याचे पट्टे माझ्या मापाचे करत बसला. माझ्या डाव्या हातात मित्राचा जाडजूड कॅचरचा ग्लोव्ह घातला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघून हातचं राखून टाकशील तर उठून जाईन." तो म्हणाला, "ओके, ओके."

आधी त्याने हात मोकळा होईपर्यंत हळू टाकले. मग मान हलवून मला खूण केली आणि जोर लावला. पाय वर गेला, अंग वळलं, तोंडातून तो ओळखीचा हुंकार निघाला. चेंडू आला आणि ग्लोव्हमध्ये बसला. मी परत फेकला. पुन्हा आला, पुन्हा बसला. गुडघे कुरकुरत होते, पण डोळ्यांना चेंडू दिसत होता, शिवण फिरताना दिसत होती. मला इतका आनंद झाला! तेरा वर्षांनी ग्लोव्ह घातला आणि हात काही विसरला नव्हता. शेवटी मला राहवेना. मी मुखवटा वर सारला आणि ओरडले, "बघितलंस? एकही सुटला नाही! चोपन्न वर्षांची बाई सगळेच्या सगळे धरतेय!"

तो हसला नाही. ड्राइव्हवेच्या टोकाला हात लोंबते सोडून उभा राहिला. पाठीवर ऊन होतं म्हणून चेहरा दिसत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या मुलाचा चेंडू पंधराव्या वर्षी मला दिसला नव्हता, त्या मुलाचा चेंडू मी आज हसत-खेळत धरत होते. पहिल्यांदा मी स्वतःची समजूत घातली की तो मला सांभाळून टाकतोय. आईचं बोट पुन्हा मोडायला नको, म्हणून. मी हात जोडायच्या बेतात होते की असंच असू दे. मी मोठ्याने म्हटलं, "थंडी आहे रे. थंडीत हात सुटत नाही."

तो चालत आत आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला. घामाने त्याचे केस ओले झाले होते. सांभाळून टाकणाऱ्याला एवढा घाम येत नाही.

"आई, हात दुखला?"

मी मुखवट्याचा पट्टा सोडवायला लागले.

"मॅचमध्ये कोच पिचरला विचारत नाही. पिचर ऑलवेज सेज, आय ॲम फाइन. म्हणून कॅचरला विचारतात." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी फुल टाकत होतो. सगळं लावलं. दुखला का?"

माझ्या तोंडात 'हो' आला होता. हो रे राजा, दुखला, ठणकतोय. एवढंच म्हणायचं होतं. त्याने विश्वास ठेवला असता, कारण त्याला तोच हवा होता. तो ॲरिझोनाला गेला असता. तिथे अनोळखी लोकांपुढे उभा राहून त्याने ते दोनदा शिवलेलं कोपर पुन्हा ताणलं असतं आणि त्या लोकांनी मान हलवून पुढच्याला बोलावलं असतं. किंवा कदाचित तसं झालंही नसतं. मला काय माहीत? मी दवाखान्यात बिलं करते. पण हात माझा होता आणि हाताला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही दुखला."

"एकदाही?"

"एकदाही नाही रे."

त्याने मान हलवली. मग माझ्या हातातून ग्लोव्ह हळूच ओढून काढला आणि तळहात उजेडाकडे वळवून पाहिला. थोडा गुलाबी झाला होता, भांडी घासल्यावर होतो तेवढाच. त्याने तो अंगठ्याने दाबून पाहिला. मी त्याच्या ओल्या केसांवरून दुसरा हात फिरवला. तो लहानपणासारखं डोकं मागे घेईल असं वाटलं होतं, पण त्याने घेतलं नाही.

"ओके," तो म्हणाला. "थँक्स, आई." आणि उठून घरात गेला.

मला लगेच उठता येईना, गुडघे आखडले होते. मी तशीच स्टुलावर, छातीला पॅड बांधून बसून राहिले. आतून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता. मुलाखतीला बोलतात तसा नीट, अदबीचा. येस सर. आय कॅन स्टार्ट मंडे, सर. पलीकडचा माणूस काहीतरी विनोदी बोलला असावा, कारण हा एकदा हसलासुद्धा. चेंडू ग्लोव्हमध्येच राहिला होता. मी तो काढला, उजव्या हातात घट्ट धरला आणि डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर सगळा जोर लावून आपटला. मग आणखी एकदा आपटला. तेव्हा हात दुखला, डोळ्यांत पाणी येईल इतका दुखला. पण विचारणारा आत फोनवर होता.